कडू घासाचे वाटेकरी

कडोलीकर सरांची आणि माझी पहिली ओळख एका ताटामुळे झाली. मी खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. मॅट्रिक होऊन बेळगावात कॉलेजला आलो, तेव्हा राहायला एका देवळाची ओवरी होती आणि पोटाची सोय वारांवर होती. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या, असा आठवडा ढकलायचा. मंगळवार सरांच्या घरचा होता. पहिल्या मंगळवारी मी गेलो तो सवयीनं थेट मागच्या पडवीत जाऊन बसलो, कारण सोमवारच्या घरी माझी जागा तीच होती. तिथं जेवण झालं की ताट आपण घासायचं आणि बसलेली जागा शेणानं सारवून मग निघायचं, असा रिवाज होता. सर आतून आले, मला पडवीत बसलेलं पाहिलं, माझं ताट उचललं आणि आत नेऊन आपल्या ताटाशेजारी मांडलं. काकूंना म्हणाले, याला आमटी अगोदर वाढ, सकाळपासून उपाशी दिसतोय. त्या दिवशी मी किती जेवलो ते आठवत नाही. मान वर करून जेवलो एवढं आठवतं.

सोमवारच्या घरचे वकीलसाहेब आज या गौरवसमितीचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या सहीचं पत्र मला आलं. सरांचं साठावं वर्ष पूर्ण होत आहे, त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी आपण त्यांच्या सेवाकार्याच्या काही गोड आठवणी लिहाव्यात, वादाचे विषय टाळावेत, असं त्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं. पत्र वाचून मला हसू आलं. सरांच्या सेवाकार्याची जी एक आठवण खरी आहे ती गोड नाही. ती टाळली तर उरतात नुसते हारतुरे. ते घालायला समितीत पुष्कळ हात आहेत. मी आता बेळगावच्या कोर्टात वकिली करतो. दुसऱ्यांच्या साक्षी काढण्यात माझी सातआठ वर्षं गेली, एक साक्ष माझीच द्यायची राहिली आहे. ती इथं देतो.

आधी सरांच्या कामाविषयी. सर कॉलेजात संस्कृत शिकवत. देवभक्त माणूस. पहाटेची पूजा कधी चुकली नाही, आणि पूजा झाली म्हणून देवाचं काम संपलं असंही कधी मानलं नाही. देव माणसात आहे असं ज्याला वाटतं त्यानं माणसांच्या दारापर्यंत चालत जावं, एवढं त्यांचं साधं म्हणणं होतं. त्यातून आमचं सेवा मंडळ निघालं. मोठ्या सुट्टीत पंधरा दिवस कॉलेजची दहाबारा मुलं घेऊन सर एखाद्या गावी जात. त्याला आम्ही सेवाफेरी म्हणत असू. सकाळी प्रार्थना, मग दिवसभर काम, म्हणजे गटारं काढायची, विहिरीचा गाळ उपसायचा, आजाऱ्यांना औषध द्यायचं, संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन. शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींचा मंडळाला आशीर्वाद होता. त्यांची मुलं मात्र फेरीला क्वचित येत. त्यांना उन्हाचा त्रास होई.

सरांनी मंडळाला एक नेम घालून दिला होता. ज्यांची सेवा करायची त्यांच्या घरचा कणही घ्यायचा नाही. पीठमीठ, तांदूळ, डाळ, तेल, सगळा शिधा आम्ही लाकडी पेटीतून बरोबर नेत असू आणि तीन दगडांची चूल मांडून आपलं आपण रांधत असू. या नेमामागं कारण होतं. सरांच्या लहानपणी त्यांच्या गावी साहेबाचा मुक्काम पडला की कोंबड्या, दूध, लाकूडफाटा सगळं गावानं पुरवायचं, आणि साहेब गेला की बुवा यायचे, त्यांनाही पुरवायचं. आपण गावावर तसा भार व्हायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. हेतू सोन्यासारखा होता.

संकेश्वरच्या बाजूला आमची एक फेरी गेली होती, तिथला प्रसंग मी अनेक सभांतून सांगितला आहे. एका शेतकऱ्याच्या गुऱ्हाळावरून जात होतो. त्यानं रसाची घागर पुढं केली, काकवीचा वास सुटला होता, आम्ही सगळे घसा कोरडा पडून उभे. सरांनी हात जोडले आणि म्हणाले, काम करून देतो, पण घेणार काही नाही. तो शेतकरी हसला आणि म्हणाला, असले पाहुणे पयल्यांदाच बगितले. त्या तालुक्यात आमच्या नेमाचा फार बोलबाला झाला. आम्हालाही त्याचा थोडा ताठा चढला. घागर नाकारताना सरांना वाईट वाटलं होतं हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं होतं. आम्हाला फक्त अभिमान वाटला.

त्यानंतरच्या वर्षी वैशाखात बोरगावच्या पलीकडं, दूधगंगेच्या काठच्या एका वाडीत पटकीची साथ सुरू झाल्याचं कळलं. सरांनी फेरी तिकडं वळवली. मोटारीनं निपाणी, तिथून बैलगाडीनं बोरगाव आणि पुढं पायी. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण तिथली थोर मंडळी अजून हयात आहेत आणि वर्गणीदारही आहेत. निपाणीहून एक टोचणीचे डॉक्टर यायचे होते. गावच्या विहिरीत जांभळं औषध टाकायचं, पाणी उकळून प्यायला सांगायचं आणि डॉक्टर आले की प्रत्येक माणसाला टोचून घ्यायला राजी करायचं, असं काम होतं. सर स्वतः डॉक्टरांना आणायला निपाणीला गेले. जाताना गावाचं काम दुसऱ्या दोघांकडं दिलं आणि महारवाड्याचं काम माझ्याकडं. मला म्हणाले, तू शेतकऱ्याघरचा आहेस, तुला त्यांच्याशी बोलता येईल. हा विश्वास मला त्या वेळी पदकासारखा वाटला.

वाड्यातली माणसं नदीच्या वाळूत खड्डा खणून त्यातलं पाणी पीत. गावच्या विहिरीवर त्यांना जाता येत नव्हतं. तिथं सगळ्यांचं जिच्यावाचून पान हलत नसे ती बाई म्हणजे तायाक्का. वाड्यातली सगळी बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. त्यांचा मुलगा आणि सून गंगू दोघंही निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जात. वखारी पटकीमुळं बंद, म्हणून दोघं घरी होती. मी गेलो तेव्हा ऐन दुपार होती. तायाक्का अंगणात चुलीसमोर बसून भाकऱ्या थापत होत्या आणि गंगू दोन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. मी पाणी उकळण्याविषयी सांगितलं, टोचणीविषयी सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. टोचून घेतल्यावर ताप येतो का, लेकराला चालतं का, असं विचारलं. पदर सावरत म्हणाल्या की उद्या डाक्टर येऊ दे, मी समद्यास्नी घेऊन येतो. काम झालं होतं. मी उठायला हवं होतं.

तेवढ्यात त्यांनी तव्यावरची भाकरी काढली, तिच्यावर मिरचीचा ठेचा ठेवला आणि माझ्यापुढं धरली. म्हणाल्या, "घे लेकरा. उनात हिंडून दमलाईस. आगीवरची हाय, हिला काय सुदीक बाधत न्हाय."

माझ्या पोटात कावळे ओरडत होते. तरी मी हात मागं घेतला. आमच्या घरी आई जे बोलते तेच बोलणं तायाक्का बोलत होत्या, पण मी त्यांना पुस्तकी मराठीत उत्तर दिलं. आम्ही सेवेला आलो आहोत, ज्यांची सेवा करायची त्यांच्या घरचं आम्ही काही घेत नाही, असा आमच्या मंडळाचा नेम आहे, हे सगळं मी सभेत सांगावं तसं सांगितलं. संकेश्वरच्या गुऱ्हाळाची गोष्टही सांगितली असती, पण त्यांचा चेहरा पाहून थांबलो.

त्यांनी भाकरी परत टोपलीत ठेवली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नेम व्हय? ह्यो नेम आमास्नी ठावं हाय, लेकरा. गावातली समदी माणसं आमच्या दारात ह्योच नेम पाळत्यात."

मी तसा नाही, आमचा नेम तो नव्हे, असं काहीतरी पुटपुटत तिथून निघालो. संध्याकाळी रोजच्यासारखे आम्ही नदीवर आंघोळीला गेलो. ही आंघोळ स्वच्छतेसाठी आहे असं आम्ही एकमेकांना सांगत असू. वाड्यातली माणसं काठावरून बघत होती. त्यांनीही त्या आंघोळीचा काही अर्थ लावला असणार, आणि तो आमच्यापेक्षा खरा असणार.

दुसऱ्या दिवशी सर डॉक्टरांना घेऊन आले. गावात टोचणी सुरळीत झाली. वाड्यातून एकही माणूस आला नाही. जांभळं औषध घेऊन मी नदीच्या खड्ड्याशी गेलो तर दोन म्हातारे आडवे उभे राहिले. म्हणाले, तुमी आमचं घेत न्हाय, तर तुमचं आमी कशापायी घ्यावं. मी परत आलो. सरांनी विचारलं, काय झालं, काल तर कबूल होते ना? मी म्हणालो, अडाणी माणसं आहेत सर, सुईला भितात. सरांनी पुन्हा विचारलं, तुझ्याकडून काही घडलं नाही ना? मी नाही म्हणालो. भाकरीची गोष्ट मला सांगण्यासारखी वाटलीच नाही असं नव्हे. सांगितली तर पदक जाईल असं वाटलं. मंडळाच्या रोजनिशीत मी त्या दिवशी लिहिलं की वस्तीतील स्त्रिया अडाणी व हेकट असून टोचून घेण्यास नाखूश आहेत. ती रोजनिशी मंडळाच्या कपाटात आहे. अक्षर माझं आहे.

त्याच्या पुढचा दिवस सरांनी वाड्यात फेऱ्या मारण्यात घालवला. लोक दारं लावून घेत. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गंगू गेली. पहाटे उलट्या सुरू झाल्या आणि ऊन वर येईपर्यंत संपलं. डॉक्टर मला पुढं एकदा म्हणाले की पहिल्याच दिवशी टोचलं असतं तरी ती वाचली असती असं नाही, टोचणीला गुण यायला दिवस लागतात. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं औषधासारखं घेतो आहे. पण खड्ड्यातल्या पाण्यात औषध पडलं असतं तर काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मूठमाती देऊन माणसं परतल्यावर दुपारी सर वाड्यात गेले. मी आणि डॉक्टर मागोमाग होतो. तायाक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, गंगूची लेक त्यांच्या मांडीवर झोपली होती. सरांनी हात जोडून विचारलं की आमचं काय चुकलं ते तरी सांगा. तायाक्कांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भाकरीची सगळी हकीकत त्यांनी चार वाक्यांत सांगितली, जशी घडली तशी, एक शब्द वाढवून नाही. सर माझ्याकडं वळले. मी खाली बघत होतो. तेव्हा ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं.

सर तिथंच अंगणात, भुईवर, मांडी घालून बसले. म्हणाले, "तायाक्का, भाकरी मागायला आलोय."

त्या म्हणाल्या, "आज चूल पेटत न्हाय, मास्तर. परवा आला असतासा तर तव्यावरची दिली असती."

सर उठले नाहीत. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाई टोपलीत भाकऱ्या आणि डाळ घेऊन आली. ज्या घरी मयत होतं तिथं त्या दिवशी रांधत नाहीत, भावकीतलं कुणीतरी घास घेऊन येतं आणि घरच्या माणसांना बळंबळं खायला लावतं. त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. सरांनी त्या टोपलीकडं पाहून म्हटलं की मग यातलाच घास द्या.

"ह्यो कडू घास हाय," तायाक्का म्हणाल्या. "ह्यो घरच्यांनीच खायाचा असतोय."

"म्हणूनच मागतोय," सर म्हणाले.

मागं उभे असलेले डॉक्टर पुढं झाले, पटकीच्या घरात खाऊ नका असं इंग्रजीत सांगू लागले. सरांनी मान हलवली नाही. तायाक्कांनी टोपलीतली एक भाकरी घेऊन मोडली, अर्धी आपल्या मुलाच्या हातात दिली आणि अर्धी सरांच्या. मुलगा रडत खात होता. सरही रडत खात होते. गौरवग्रंथात असं लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण संस्कृताचे प्राध्यापक महारवाड्याच्या अंगणात बसून रडत होते आणि भाकरी खात होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. खाऊन झाल्यावर तायाक्कांनी आपली बाही वर सारली. म्हणाल्या, "बलवा आता त्या डाक्टराला." संध्याकाळपर्यंत वाड्यातलं एक माणूस टोचल्यावाचून राहिलं नाही, आणि खड्ड्यातलं पाणी जांभळं झालं.

मला कुणी घास दिला नाही. मी मागितलाही नाही.

बेळगावला परतलो तोवर बातमी आमच्या आधी पोहोचली होती. मंडळाची सभा भरली. वकीलसाहेब तेव्हाही अध्यक्ष होते. अस्पृश्यतेला आपला विरोधच आहे असं त्यांनी सुरुवातीला सांगितलं, आमच्या मंडळात सगळी वाईट कामं या वाक्यानंतर होतात. पण नेम म्हणजे नेम, तो घालून देणाऱ्यानंच मोडला तर मुलांनी काय शिकावं, शिवाय शहरात लोक बोलू लागले आहेत, तेव्हा सरांनी एक लहानसं प्रायश्चित्त घ्यावं, नुसतं पंचगव्य, आणि प्रकरण मिटवावं, असं ठरलं. सर म्हणाले, मी प्रायश्चित्त त्या अंगणात घेऊन आलो आहे, दुसरं मला माहीत नाही. मग साक्षीला मला उभं केलं. सरांनी त्या घरी अन्न घेतलं हे तू पाहिलंस का? मी म्हणालो, पाहिलं. का घेतलं असं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सर समोर बसले होते. नेम मी पाळला म्हणून तायाक्कांनी दार लावलं, मी खोटं बोललो म्हणून दोन दिवस गेले, एवढं त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर सभेचा रंग बदलला असता. त्यांनी तोंड उघडलं नाही. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि वारांवर जेवत होतो, हे त्यांच्या लक्षात असणार.

त्या दिवशी सेवाफेरीचं नेतृत्व सरांच्याकडून काढून घेतलं. त्यांनी उभं केलेलं मंडळ त्यांच्यावाचून चालू लागलं. पुढच्या दोन फेऱ्यांचा पुढारी मी होतो. फोटोत मधल्या खुर्चीवर मी बसलो आहे, फेटा बांधून. शिध्याची पेटी पायाशी आहे.

त्यानंतर सरांनी माझ्याशी कसं वागावं? मंगळवार बंद झाला नाही. माझं ताट त्यांच्या ताटाशेजारीच मांडलं जाई. माझ्या परीक्षेच्या वेळी त्यांनी मला आपल्या घरी महिनाभर ठेवून घेतलं, वकिलीच्या अभ्यासाला पुण्याला जायचं ठरलं तेव्हा तिथल्या आपल्या स्नेह्यांना पत्र दिलं, आणि त्या पत्रात माझ्याविषयी जे लिहिलं होतं ते वाचून मी पाकीट पुन्हा बंद केलं. त्यात लिहिलं होतं, मुलगा सच्चा आहे. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यापुढं सगळं बोलायचं असं ठरवून गेलो. सर, माझ्यामुळं, एवढंच बोललो तोच त्यांनी हात वर केला.

"नेम मी केला होता," ते म्हणाले. "तू पाळलास फक्त. जा आता, मोटार चुकेल."

रागावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांच्या हातून सुटता येतं. या बोलण्यातून मला अजून सुटता आलेलं नाही.

आता सगळं बदललं आहे असं म्हणतात. यंदा देश स्वतंत्र झाला. मंडळ मोठं झालं, त्याचं छापील नियमांचं पुस्तक निघालं, सभेत आम्ही त्या वाड्याला हरिजनवस्ती म्हणतो. वाडा जिथं होता तिथंच आहे आणि पाणी वाळूतलंच आहे. ज्यांनी सरांना दूर केलं तेच आता त्यांना शालजोडी पांघरणार आहेत. सरांनी शाल घ्यायचं कबूल केलं, कारण नाही म्हणून कुणाला दुखवणं त्यांना त्या भाकरीपासून जमत नाही. समितीच्या बैठकीत मी सुचवलं की समारंभाला तायाक्कांना बोलवावं आणि पंगतीत सरांच्या शेजारी बसवावं. अध्यक्षांनी माझ्याकडं फार मायेनं पाहिलं. म्हणाले, कल्पना उदात्त आहे, पण इतक्या वयाच्या बाईला प्रवासाचा त्रास कशाला, आपण लुगडं आणि नारळ तिकडंच पाठवून देऊ. सर्वांनी माना डोलावल्या. लुगडं कोण पोहोचवणार म्हणताच माझं नाव निघालं.

गेल्या महिन्यात मी गेलो. बारा वर्षांत पहिल्यांदा. सर दरवर्षी वैशाखात तिकडं एकटे जातात, दिवसभर राहून येतात, हे मला ठाऊक होतं. एकदाही मी बरोबर येतो म्हटलं नव्हतं. तायाक्का आता पार थकल्या आहेत, डोळ्यांनी दिसत नाही. चुलीपुढं चौदा वर्षांची मुलगी भाकऱ्या थापत होती. मांडी घालून बसायची ढब गंगूची. मी लुगडं पुढं ठेवलं आणि सांगितलं की मी बेळगावचा, मास्तरांच्या बरोबर आलतो, पटकीच्या साली.

तायाक्का थोडा वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "नेमवाला व्हय?"

मी व्हय म्हणालो. त्यांनी लुगडं चाचपलं, बाजूला ठेवलं, आणि मास्तरांची प्रकृती कशी आहे, खोकला गेला का, काकूंचे गुडघे कसे आहेत, असं सगळं विचारलं. सरांच्या घरचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग नातीला त्यांनी एक भाकरी फडक्यात बांधायला सांगितली.

"एवढी मास्तरास्नी पोचवा," त्या म्हणाल्या. "तुमास्नी खा म्हनत न्हाय. तुमचा नेम असंल."

त्यात टोमणा नव्हता. माझी सोय बघून त्या बोलत होत्या. मलाही एक द्या, असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. कोर्टात तासन्‌तास बोलणारा मी, भाकरीचं गाठोडं उचलून चालू लागलो. बोरगावहून निपाणीपर्यंत गाडीत आणि पुढं मोटारीत ते मांडीवर होतं. प्रथम ऊन होतं, निपाणीच्या पुढं निवत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांच्या घरी गेलो. मंगळवार नव्हता. सर जेवायलाच बसत होते. मी फडकं पुढं ठेवलं आणि तायाक्का काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं, माझ्या नेमाचंही सांगितलं. सरांनी फडकं सोडलं. काकूंना म्हणाले, आणखी एक ताट मांड. माझं ताट त्यांच्या ताटाशेजारी आलं. भाकरी वाळून कडक झाली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात ठेवली. मी खाल्ली. चवीविषयी मला लिहिता येणार नाही. घास गिळताना गंगूच्या लेकीचे हात दिसत होते आणि मान वर होत नव्हती. बारा वर्षांपूर्वी दोन पावलांवर होती ती भाकरी मी सरांच्या पंगतीला बसून खाल्ली, आणि तीही त्यांनी आपल्यातली दिली म्हणून.

संपादक या लेखाला कात्री लावतील असं मला वाटतं. लावली तर सुरुवातीचा ताटाचा प्रसंग ठेवावा, त्यात सोमवारच्या घराचा उल्लेख गाळावा, म्हणजे लेख गोड होईल.

आमच्या परमपूज्य सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचा खोकला जावो, काकूंचे गुडघे दुखायचे थांबोत, अशी प्रार्थना सारेच करणार आहेत आणि मीही करतो. माझ्या प्रार्थनेला एक कारण जास्त आहे. मंडळाच्या छापील पुस्तकात पहिला नियम अजून तोच आहे, ज्यांची सेवा करायची त्यांच्या घरचा कणही घ्यायचा नाही. ज्यांनी तो घालून दिला त्यांनीच तो मोडला, पण खोडायचं धाडस आमच्यात नाही. तो खोडला जाईल त्या दिवशी सर समोर बसलेले असावेत, धडधाकट, असं मला मनापासून वाटतं. आमची चाल पाहता त्यासाठी त्यांना फार वर्षं जगावं लागेल. देव त्यांना तेवढी देईलही. तायाक्कांच्याजवळ मात्र तेवढी वर्षं उरलेली नाहीत.